काकाजींच्या ताटातली काकडी

आमच्या जरीपटका वस्तीत काकाजींच्या शेरूइतका धडधाकट कुत्रा दुसरा नव्हता. म्हातारा झाला तरी अंगावर तकाकी, दात शाबूत. काकाजी मात्र शुगरच्या दुखण्यानं खंगत चालले होते. आणि या दोन्ही गोष्टींचं मूळ एकाच ताटात होतं.

डॉक्टरांनी ताकीद दिली होती, आधी ताटभर काकडी-गाजर-कांदा, मग जेवण. काकू निगुतीनं चिरून वाढायच्या. त्या पोळ्यांकडे वळल्या, की काकाजींचा डावा हात टेबलाखाली जायचा. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि जेवायला खालीच असायची, त्यामुळे सगळं दिसायचं.

"काकाजी, ते तुमच्यासाठी आहे," मी दटावायची.

"थांब वं पोरी. कसा आशेनं पाहून राहिला तो. मुक्या जिवासमोर एकट्यानं खाववते का?"

शेरूच्या पथ्यात मात्र हयगय नाही. सफरचंदाच्या बिया काढायच्या, संत्र्याची फोड सोलून द्यायची. घरात द्राक्षं आली, की त्याला बाधतील म्हणून थेट कपाटात. कांदाही त्याला चालत नाही, म्हणून ताटातला कांदा तेवढा निवडून स्वतः खायचे. डॉक्टरांच्या सांगण्यापैकी काकाजींच्या पोटात गेला तो एवढा कांदाच. संध्याकाळी फिरायला म्हणून सदर बाजारात जायचे आणि संत्रा बर्फी खाऊन यायचे. वर मलाच विचारायचे, "संत्रं फळच आहे ना?" आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

एकदा चिडून मी जेवणाच्या वेळी शेरूला अंगणात बांधलं. तो बाहेर कण्हत राहिला आणि काकाजी ताटापुढे हात बांधून बसले. दोघांपैकी कोणीच ऐकेना. शेवटी मीच जाऊन साखळी सोडली.

पुढे पायाच्या बोटाला साधं खरचटलं, ते चिघळलं. बोट गेलं, मग पाऊल गेलं. मी दवाखान्यात भेटायला गेले, तर काकाजींचा पहिला प्रश्न, "शेरूले गाजर दिलं का? बारीक काप बरं, न चावता गिळते लेकाचा." त्या दुखण्यातून ते उठलेच नाहीत. मला फार राग आला त्यांचा, आणि रडूही.

पाहुणे परतल्यावर एका दुपारी काकू सवयीनं काकडी चिरत बसल्या होत्या. खाली शेरू तोंड वर करून बसलेला. इतकं करूनही काय कमी पडलं, असं त्या विचारतील, याची मला धास्ती होती. त्यांनी विचारलं नाही.

"मले दिसत नव्हतं का वं?" त्या म्हणाल्या. "पण तुह्या काकाजीनं सांगून कधी ऐकलं का? म्हणून मी जास्त जास्त कापत गेली. म्हटलं, कुत्र्याचं पोट भरलं की उरलेली तरी त्यायच्या पोटात जाईल."

त्यांनी एक फोड खाली टाकली. शेरूनं ती वरच्या वर झेलली आणि पुन्हा तोंड वर केलं.

"पण याचं पोट काही भरलंच नाही."