वसुधाची युरियाची बरणी

ये गं सुजाता, जवळ ये. लिहून का होईना, कान धरायचाय तुझा. आमच्या वसुधाला जाऊन महिना उलटला. प्रयोगशाळेत तुमची टेबलं शेजारी, डबाही एकच. आणि तू आमच्या वारूळवाडीला एकदाही फिरकली नाहीस. परवा फोनवर “मावशी, वसुधाचा प्रयोग जमला” म्हणालीस नि रडत फोन ठेवलास. अशी बातमी फोनवर सांगतात का?

वसुधा माझ्या अवसरीच्या थोरल्या बहिणीची लेक. आई लवकर गेली म्हणून माझ्याकडे वाढली. म्हैस व्याली की मी चिकाचा खरवस वाफवायचे. ही एवढीशी पोर वाटी धरून विचारायची, “मावशी, ह्याचा परत चीक व्हईल का?” आमचे हे हसायचे, “आधी खा की बये, मग उलटं कर!” तोच प्रश्न घेऊन पोरगी पुण्याला पीएच.डी. करायला गेली. आमच्या घरातली पहिली!

एका दिवाळीत तिनं समजावलं... प्रथिन म्हणजे लांब दोरा. नीट गुंडाळला गेला तरच कामाचा. तो उलगडायला ती युरिया घालायची.

“आगं, कांद्याला टाकतो त्यो?”

“त्योच. मग युरिया काढून घ्यायचा आन् दोरा आपसूक मूळ रूपात येतो का बघायचं. माझा न्हाई येत, गुठळ्याच व्हतात.”

मला वाटलं, पोरीला युरिया कमी पडतोय. गोणीतला डबाभर घेतला नि एसटीनं थेट प्रयोगशाळा गाठली. तुमचे सर बघतच राहिले. तू ओढणीत तोंड लपवून हसत होतीस! वसुधा मात्र लाजली नाही. बरणीत भरून टेबलावर ठेवला नि सगळ्यांना बजावलं, “मावशीचा आहे. वापरायचा नाही, हलवायचाही नाही.”

पुढं रक्ताचा आजार निघाला. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही तिला गुठळ्यांचीच काळजी. “एकदा तरी प्रथिन नीट वळाय पायजे गं, मावशी... सुजी बघंल.”

आणि वळलं! शोधनिबंधावर तिचं नाव आधी, तुझं मागं लावणार आहेस, असं तुमच्या सरांनी कळवलं. मी गावभर पेढे वाटले. “वसुधाचं प्रथिन वळलं,” म्हटलं. कळलं कुणालाच नाही, पेढा मात्र सगळ्यांनी मागून खाल्ला.

तिच्या माघारी काम पुरं केलंस म्हणून तोंड चुकवतेस होय? वेडे, तिनंच सोपवलं होतं ते. म्हैस व्यायला झालीय. येताना ती बरणी आण. फडताळात जागा करून ठेवलीय. खरवसाची वाटी हातात देते, मग दोरा कसा वळला ते मला सावकाश सांग. लवकर ये गं.