वापरलेल्या सुया सोबत आणाव्यात

सानगडीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळं मी वाचते आणि काय काय आणायचं ते लोकांना सांगते. एक कागद कमी असला की माणसाला आल्या पावली परत पाठवते. त्यापायी गावात मी बदनाम आहे, आणि खरं सांगते, मला त्याचा तोराही होता.

माझा धाकटा भाऊ तिशीतला. नागपुरात गाडी चालवायचा, तिथंच सुईनं नशा करायला शिकला. नोकरी गेली तसा घरी आला. एका सकाळी गोठ्यातल्या डब्यात त्याच्या सुया सापडल्या. माझं डोकं असं फिरलं, की अख्खा डबा पेटत्या चुलीत रिकामा केला. प्लास्टिकचा वास घरभर झाला.

तो दारात उभा राहून बघत होता. ओरडला नाही.

"आता काय करू, ताई? तलावावरच्या दोस्तापाशी एकच हाये. तेच घ्या लागते."

एकाची सुई दुसऱ्यानं टोचली तर काय होतं, ते मला माहीत होतं. गावातल्या मेडिकलात मागितली असती तर दुपारपर्यंत घरोघरी कळलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. "थांब, मी पाहते," म्हटलं आणि त्याला दुकानात नेऊन बसवलं.

आरोग्याची एक वेबसाइट उघडली. वर हसऱ्या डॉक्टरणीचा फोटो. खाली 'उच्च जोखीम गट', 'हानी न्यूनीकरण'. ज्याच्यासाठी हे लिहिलं तो माझ्या बाजूला घामानं भिजून थरथरत होता, आणि त्याच्याशी सरळ बोलणारं एक वाक्य त्यात नव्हतं. मग चित्र: एक हात जुनी सुई देतोय, दुसरा नवी देतोय. त्याखाली ओळ, 'वापरलेल्या सुया सोबत आणाव्यात.'

झालं. रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला देतं का कोणी?

"केंद्र नागपूरले हाये, फुकट देतात," मी म्हटलं. "पन जुन्या दाखवल्याबिगर नाही भेटत. आन् त्या त मी जाळल्या."

"पक्कं?"

"लिहून हाये. मी काय मनानं सांगून राहिली?"

तो उठला आणि गाडीला किक मारून गेला. मी अडवलं नाही, इतका राग आला होता त्याचा.

पानाच्या तळाशी एक नंबर होता. तो मी नंतर लावला. आधी का नाही लावला, याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. फोनवर एक बाई होत्या. "जुन्या नसल्या तरी देतो, ताई. परत आणल्या तर बरं, म्हणून तसं लिहिलंय. आमचा माणूस आज साकोलीतच आहे, तासाभरात पोचेल. भावाला तेवढं थांबवून ठेवा."

भावाला सहा वेळा फोन लावला. उचलला नाही. स्कूटर काढून तलावाच्या पाळीवर पोचले, तेव्हा तो झाडाखाली बसून शर्टाची बाही खाली ओढत होता.

"अरे, जुनी लागत नव्हती," मी म्हटलं.

शेजारी बसलेला त्याचा दोस्त माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी नाहीच म्हनलो होतो, ताई. मले एचआयव्ही हाये, हे त्याले मालूम हाये. तो म्हने, दुसरी भेटतच नाही, ताईनं पाहलं."