पांढरं पडत गेलेलं प्रवाळ

ट्रंक कॉल आला तेव्हा मी वीज केंद्रात सकाळच्या पाळीला होतो. यंत्रांच्या घरघरीत ऐकू येईना म्हणून एका कानावर हात दाबून धरला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "विमल मॅडम पहाटे गेल्या." मी विचारलं, "कुठं गेल्या?"... आणि विचारता विचारताच मला कळलं.

विमलताई माझी थोरली बहीण. समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. आलापल्लीच्या सागाच्या जंगलात वाढलेली मुलगी समुद्राकडे कशी वळली, असं ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये भेटायला येणारे अजून विचारतात. बाबा लाकडाच्या डेपोवर मजूर होते. नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून पोरांनी शिकायचं, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं. ताई शाळेतून आली की नाल्यात उतरायची, दगड उचलून खालचे खेकडे बघायची आणि दगड होता तसा परत ठेवायची. नागपुरात प्राणिशास्त्र शिकताना कॉलेजच्या सहलीत तिनं कोकणातला कातळ ओहोटीच्या वेळी पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन म्हणाली, "आपल्या नाल्यावानीच आहे आई, फक्त सरत नाई." पुढे नोकरीही तिनं तिकडचीच धरली. लग्नाचं बोलणं निघालं की हसून उठून जायची.

एका मच्छीमार गावाजवळच्या कातळावर, ओहोटीला उघडी पडणारी खोलगट डबकी तिनं अभ्यासाला घेतली होती. त्यांत तपकिरी प्रवाळ वाढायचं. दगडासारखं दिसणारं, पण जिवंत. वर्षानुवर्षं ती त्याच डबक्यांपाशी जात राहिली, आणि एका उन्हाळ्यात तिला प्रवाळाच्या कडा पांढऱ्या दिसल्या. पावसाळ्यानंतर काही परत तपकिरी भरून आलं, काही आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पांढरं आणखी आत सरकलं. पाणी तापतंय, असं तिचं म्हणणं. मोठ्या सभेत तिनं ते मांडलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, चांगलं काम आहे, पण अजून वीसेक वर्षं बघा, मग बोलू.

त्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. समोर वीज केंद्राच्या चिमण्या. ती बराच वेळ धुराकडे बघत राहिली.

"जगभर कोळसा जळून राह्यला बाबू. हवा ऊब धरून ठेवते, ते समुद्रात उतरते."

"मंग मी का करू ताई? नोकरी सोडू?"

"नको सोडू. तू सोडशीन तं दुसरा येईन." मग म्हणाली, "मलेई अंधारात वाचता येत नाई."

अंधार पडला तशा आम्ही खुर्च्या आत घेतल्या.

मग तिचं दुखणं निघालं. रक्ताचा कर्करोग. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी तिला घरी आणलं. आई उशाशी बसून राहायची. पावसाळा ओसरला तसं ताईनं परत जायचं काढलं.

"तिकडं काऊन जातं वं? इथी आमी आहोन ना!" आई रडायलाच लागली.

"मोठी ओहोटी आहे आई. एवढी पाहून येतो."

मला अडवता आलं नाही. तिचे सहकारी देसाई येऊन तिला घेऊन गेले. मी रजा मिळाली की येतो म्हणालो. त्याआधीच फोन आला.

मी पोचलो तेव्हा देसाईंनी सांगितलं ते असं. ओहोटीच्या दिवशी तिला उठवेना. कातळ त्या गावातल्या तिच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, पण जाता येईना. तिनं देसाईंना पाठवलं. डबकी पांढरी पडली होती, जवळजवळ सगळीच. परत येऊन ते म्हणाले, "मॅडम, बरंच भरून आलंय." तिनं एवढंच विचारलं, "कोणत्या बाजूनं?" देसाई ओल्या चपला काढायला खाली वाकले. ती हसली, त्यांचा हात थोपटला आणि भिंतीकडे वळून पडून राहिली.

तिची जागा भरणार नाहीत, असंही देसाई म्हणाले. त्यांचीही बदली झाली आहे.

सगळं उरकल्यावर त्यांनी मला कातळावर नेलं. मी डबक्याच्या काठी उकिडवा बसलो. सुरेख दिसत होतं, खरं सांगतो. चुनखडीसारखं पांढरंशुभ्र. ते मेलेलं आहे हे मला सांगावं लागलं. आधी तिथं काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलेले डोळे आता नव्हते. मी पाण्यात हात घातला आणि काढला.

घरी आल्यावर आईनं बाकी काही विचारलं नाही.

"पानी कसं होतं रे तिथलं?"

"कोमट होतं आई. पन पह्यले कसं राहे, ते मले मालूम नाई."

ताई घरी आली की नहाणीतल्या बादलीत आधी कोपरापर्यंत हात बुडवून उगीच थांबायची. आम्ही तिला हसायचो. परवा सकाळी मी अंघोळीला गेलो तर नहाणीचं दार लोटलेलं. आत आई बादलीशी बसली होती, बाही वर सारून, हात कोपरापर्यंत पाण्यात.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर थांबलो.