उसाच्या पाण्यावरचं ब्रह्मकमळ

नव्वदच्या दशकात आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. वरची गच्ची मोकळी होती. पत्नीने नेसरीहून, तिच्या माहेरून, ब्रह्मकमळाचं एक पान आणून कुंडीत लावलं. पुढे तिकडचं घर नव्याने बांधताना तिच्या आईचं मूळ झाड गेलं. ते वाण आता आमच्याच कुंडीत उरलं होतं. ते फुलवायचं आणि आईला परत द्यायचं, एवढंच पत्नीच्या मनात होतं.

पण गच्चीवर माझ्या वडिलांचं राज्य. जन्मभर ऊस केलेला माणूस. प्रत्येक कुंडीला ते उसासारखं पाणी पाजत, वर खत म्हणून साखर कारखान्याची मळी घालत. पानं हातभर झाली, कळी एकही नाही. एका पावसाळ्यात बुंधाच मऊ पडला. ब्रह्मकमळ निवडुंगाच्या जातीचं, त्याला इतकं पाणी सोसत नाही.

"पाणी घातलं म्हणून झाड मरतंय व्हय कुठं?" वडील म्हणाले.

सासऱ्यांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पत्नीने तीन धड पानं कापली, सावलीत सुकवली आणि वाळू व विटांचा चुरा घातलेल्या मातीत लावली. मग रातराणीचं रोप आणून वडिलांपुढे ठेवलं. "मामा, हिला रोज पाणी लागतंय. तुम्हीच बघा. ती दुसरी कुंडी माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

वडील खूश. त्यांनी रातराणी पिंपात लावली, ती भसाभस वाढली. संध्याकाळी वास खाली रस्त्यापर्यंत जाई.

"साप येतील की हो वासानं!" शेजारीण म्हणाली.

"तीन जिने चढून? येऊ दे. चहा देऊ," वडील म्हणाले.

तिसऱ्या वर्षी श्रावणात ब्रह्मकमळाला दोन कळ्या लागल्या. लोंबती कळी देठ वाकवून वर तोंड करते आणि फुगते, तेव्हा फूल अगदी जवळ आलेलं असतं. दोन्ही कळ्यांनी तोंड वर केलं त्या सकाळीच नेसरीला फोन केला. सासूबाई दुपारच्या एसटीने आल्या. अंधार पडल्यावर पाकळ्या सुटू लागल्या. मी पट्टी लावली. साडेसात इंच.

"आता वासबी मोजा पट्टीनं," पत्नी म्हणाली.

शेजारणी हळदकुंकू घेऊन वर आल्या. पहिला मान सासूबाईंचा. त्या फुलाजवळून हलायलाच तयार नव्हत्या.

सकाळी फुलांनी माना टाकल्या होत्या. पत्नीने दोन जाड पानं कागदात गुंडाळून दिली. सासूबाई ती पिशवीत न ठेवता मांडीवर घेऊन एसटीत बसल्या.

दिवाळीच्या आधी सासूबाईंचा फोन आला. दोन्ही पानांना कोंब फुटले होते. केवढे आहेत, कुठल्या बाजूने आलेत, रंग कसा आहे, पत्नी कितीतरी वेळ विचारत राहिली.