तिसरी जोडी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझा मोबाइल नंबर जोड्यांनी पाठ होता. पाच जोड्या, पाढ्याच्या चालीत. शेवटची एकोणनव्वद, तिच्यावर ते जरा जोर द्यायचे.

एकदा जळगावात औषधाच्या दुकानात त्यांनी तो तसाच सांगितला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "एकोणनव्वद म्हणजे एटी नाइन की सेव्हंटी नाइन?" मागे कोणीतरी हसलं. आबांना काही वाटलं नाही, ओशाळले मी. कामं लगेच मार्गी लावायची मला सवय. त्याच रविवारी असोद्याला आबांच्या घरी जाऊन कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत नंबर चिकटवला: सुटे आकडे, पाच आणि पाच, फोनच्या पडद्यावर दिसतात तसे. मग रोज फोनवर म्हणवून घेतला. तोंडात जोडी आली की मी मध्येच तोडायचे. तसं नाही आबा, एकेक.

पुढे डोळे तपासायला ते एकटे जळगावला आले. स्टँडवरून मी त्यांना घेणार होते; ऑफिसात मीटिंग लांबली. त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी आपला फोन पुढे केला. पहिले पाच आकडे आबांनी नीट सांगितले. पुढे जीभ आपोआप जुन्या चालीवर गेली, पण पाच-पाच करताना तिसरी जोडी मधोमध तुटली होती. तिचा उरलेला अर्धा सापडेना. पहिल्यापासून जोड्यांनी म्हणून पाहिलं, तर सुटे आकडे आडवे आले. भलत्याच कोणाला फोन लागला. तेव्हा त्यांनी तो परत केला आणि बसून राहिले.

मी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. फोन चार्ज का करत नाही, हे विचारायचं वाटेत ठरवून ठेवलं होतं.

"तुहा नंबर मले पाठ व्हता, पोरी," ते म्हणाले. "आता दोन्ही तऱ्हा गेल्या."

तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दारावरचा कागद मी काढला. त्यांच्या खिशात आता चिठ्ठी असते, म्हणजे अडचण तशी मिटली. पण संध्याकाळी ते स्वतःहून फोन करतात आणि जोड्या म्हणून दाखवतात. काल तिसरी चुकली. बाकी सगळ्या ठीक होत्या, एकोणनव्वदवर तोच जोर. मग ते माझ्या उत्तरासाठी थांबले.

"बरोबर, आबा," मी म्हणाले.