प्रयुक्ताचं उत्तर चुकत नसतं

प्रा. विजया शेडगे यांची आणि माझी ओळख एका लेखामुळे झाली. सांगलीच्या एका दैनिकात मी बारावीनंतरच्या शिक्षणाची पुरवणी पाहत असे. मानसशास्त्रासाठी कोणतं कॉलेज निवडावं, यावर मॅडमांनी अगदी वेळेत लेख पाठवला. पण त्यात एकाही कॉलेजचं नाव नव्हतं. पान अडलं होतं, म्हणून फोन केला. मॅडमांनी शांतपणे सांगितलं, की इमारत आणि माहितीपत्रक पाहून काही कळत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी जावं आणि प्रयुक्त म्हणून बसू द्या म्हणावं. ज्याच्यावर प्रयोग करतात, त्याला या विषयात प्रयुक्त म्हणतात. लेख तसाच छापला.

त्या सल्ल्याची परीक्षा पुढे आमच्याच घरात झाली. दुष्काळी भागातल्या वडूजचे माझे मावसभाऊ तानाजीराव यांनी मुलीला, मनीषाला, बजावलं होतं, की एकदाच धाडणार. कॉलेज बदलायचं म्हणालीस तर शिक्षण बंद. साताऱ्याचं मोठं कॉलेज की मॅडमांचं सांगलीतलं लहान, असा प्रश्न होता. मनीषा वडिलांसोबत जाऊन दोन्हीकडे प्रयुक्त म्हणून बसून आली. साताऱ्यात सगळं सुरळीत झालं. सांगलीत शब्द ऐकून मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा होता. ‘पाणी’ म्हटल्यावर ती ‘टँकर’ म्हणाली. प्रयोग घेणारी मुलगी फिसकन हसली आणि ‘नदी म्हण की’ असं सुचवू लागली. मॅडम मागेच उभ्या होत्या.

“प्रयुक्ताचं उत्तर चुकत नसतं,” त्या म्हणाल्या. “तू हसलीस, तिथं प्रयोग चुकला. पुन्हा घे.”

त्यानंतर मॅडमांनी तानाजीरावांना जे सांगितलं, ते सहसा कुणी सांगत नाही. विभागात त्या एकट्याच होत्या. मनीषा तिसऱ्या वर्षाला पोचेल तेव्हा त्या निवृत्त होणार होत्या आणि जागा भरेल याची खात्री नव्हती. तेव्हा साताऱ्यालाच पाठवा, असं त्यांचं म्हणणं. वर्ग टिकवायला त्यांना एकेक प्रवेश हवा होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं.

“आवं मॅडम, गिऱ्हाईक दारात आलंय आन् तुमी शेजारचं दुकान दावताय,” तानाजीराव म्हणाले.

मॅडम मनापासून हसल्या; सल्ला मात्र बदलला नाही. ऐकलं नाही ते मनीषानं.

“साताऱ्यात कोन हसलं न्हाई,” ती वडिलांना म्हणाली, “खरं हितं हसल्यावर कोनतरी बोललं. मी हितंच शिकनार.”

मनीषा आता तिसऱ्या वर्षाला जाते आहे. मॅडम या महिन्यात साठी पूर्ण करून निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. पोरीला परत घरी न्यावं का, असं तानाजीरावांनी मला काळजीनं विचारलं. मी मॅडमांकडे गेलो, तर त्यांनी प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवलं होतं. निवृत्तीनंतरही वर्षभर त्या रोज येऊन मनीषाचा वर्ग शिकवणार आहेत.

मॅडमांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. या शुभेच्छेत आमच्या घराचा स्वार्थ आहे, हे उघडच सांगतो. जूनमध्ये वर्ग सुरू होतोय.