संध्याकाळवर तिचा विश्वास नव्हता

कुणाचीही सायकल दिसली की वैनीचा हात आधी ब्रेकवर जायचा. सायकल पुढे ढकलून ती ब्रेक करकचून दाबायची. चाक जरा जरी सरकलं तरी म्हणायची, "ही पळते, थांबत नाय."

बोईसरच्या एका औषध कंपनीत आम्ही दोघी पॅकिंगला होतो. ती सातपाटीची, मी लातूरहून नुकतीच आलेली. उभ्या उभ्या जेवणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. वैनी तशी. अर्धा डबा खाऊन उठायची आणि सायकल स्टँडवर फिरत राहायची. रबर झिजलेत का, वायरचे धागे सुटलेत का, कुणी हौसेनं चाकाच्या रिंगला तेल चोपडलंय का. एकदा साहेबांच्या पाहुण्याची गिअरची सायकल तिनं तपासायला घेतली, तर वॉचमन धावत आला.

"अरे, दाबून बगितला नुस्ता, चोरला नाय!"

एका सकाळी माझी सायकल तिच्या हाती लागली. पुढच्या ब्रेकची वायर मुठीपाशी उसवली होती.

"संध्याकाळी बदलते, वैनी."

तिचा चेहराच उतरला. माझ्या सायकलला तिनं स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सुट्टी झाल्यावर मी भांडले. "घरी कामं पडलीत माझी! तुम्ही कोण लागता माझ्या?"

तिनं कुलूप काढलं. सायकल हातात धरून दुकानापर्यंत चालत गेली, नवी वायर आणि नवे रबर बसवून घेतले, आणि माझ्याकडे न बघताच निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात नाक्यावर एक टँकर अचानक माझ्यासमोर आडवा वळला. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल जागच्या जागी थांबली आणि टँकरचं मागचं चाक माझ्या चपलेला घासून गेलं.

वाटलं, हे ऐकून वैनी खूश होईल. ती स्टँडवरच मटकन खाली बसली.

"माजा नवरा माजी सायकल घेऊन गेलता," ती म्हणाली. "वायर तुटाला आली हाय, मला म्हाईत होतं. तो बोलला, घालू काय नवी? मी बोलले, र्‍हाऊ दे, संध्याकाळी घालू."

पुलाच्या उतारावर वायर तुटली होती. नवरा वाचला, पण गुडघा कायमचा गेला.

"मीच र्‍हाऊ दे बोलले, ते त्यानं कोणाला सांगितलं नाय. मला पन कदी बोलला नाय. बोलला असता, तर बरं झालं असतं."

मी तिच्या शेजारी बसले. भोंगा वाजला तरी ती उठली नाही.

पुढे तिनं कंपनी सोडली आणि नवऱ्याला घेऊन ती माहेरी सातपाटीला गेली. सुकी मासळी विकायला लागली. बऱ्याच दिवसांनी मी भेटायला गेले, तर ती घरी नव्हती. नवरा अंगणात बसून बोंबील उलटत होता.

"बस. मनोरच्या बाजाराला गेलीय, टेम्पोनं येईल आता."

त्यानं लंगडत जाऊन चहा केला. बोलताना त्याचं लक्ष सारखं रस्त्याकडे होतं.

"ती एका जागी र्‍हात नाय," तो म्हणाला, "आनि ती येईपरेंत मला चैन पडत नाय."

ऊन उतरलं. माझी बसची वेळ झाली, पण वैनी आली नाही. वळणावरून मागे पाहिलं, तर तो काठी टेकत रस्त्यापर्यंत आला होता आणि येणाऱ्या प्रत्येक टेम्पोत वाकून बघत होता.